दुखलं तर सांगा

आमच्या घरची चूल आईच्या बिड्यांवर पेटायची. वडील गिरणीत होते, पण गिरणी आज चालू तर उद्या बंद. नागपुरात सक्करदऱ्याच्या एका खोलीत आम्ही सगळे आणि तेंदूपत्त्याचा वास, एवढाच आमचा संसार. मी पानं भिजवून कापायचो, आई वळायची, बहिणी दोरा बांधायच्या.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी माझ्या मानेवर आणि उजव्या मनगटावर कोड उठलं. पांढरं, दुधासारखं. बिड्या घ्यायला बसलेल्या ठेकेदाराच्या माणसाला ते दिसलं. आईनं पुढे ठेवलेलं बिड्यांचं सूप त्यानं पायानं सरकवलं.

"या पोट्ट्याचा हात लागते का बिड्याले?"

"नाही जी, थो कॉलेजात जाते."

"कॉलेजातून हेच आणलं का वं त्यानं? उचल हे. लोकं तोंडात घालतात."

आईनं सूप उचललं. त्यानंतर तिनं पानं कधी माझ्या हातात दिली नाहीत.

आम्ही दीक्षा घेतलेले लोक. आमच्या हातचं पाणी न पिणारे मी जन्मापासून पाहिले होते, आता त्यात हे दुसरं आलं. शाळेतले गुरुजी आम्हाला जवळ येऊन मारतसुद्धा नसत, लांबून छडी फेकायचे. वडिलांनी एकच शिकवलं होतं, "रडू नको. रडला का त्याले मजा येते. चूप राह्यजो." मार खाताना आमच्या घरातलं एकही पोर कधी ओरडलं नाही. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

खानदानात पहिला बी.एस्सी. मी झालो. सत्तरच्या दशकात आखाती देशांत माणसं भराभर जात होती. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या एका कारखान्यात मला प्रयोगशाळेत जागा मिळाली. आधी कच्चा परवाना, मग डॉक्टरी तपासणी, मग पक्का शिक्का. तपासणीत महारोग निघाला तर पहिल्या विमानानं परत. तोवर वडिलांची गिरणी कायमची सुटली होती आणि घर माझ्या एकट्याच्या पगारावर आलं होतं. मी परत आलो असतो तर बहिणींची शाळा त्याच दिवशी बंद झाली असती.

निघताना आईनं बावचीच्या तेलाची बाटली दिली होती. "तपासणीच्या आंधी लाव अन् सकाळच्या कवळ्या उन्हात बस. डाग काळा पडते." मी रसायनशास्त्राचा पदवीधर, तरी तिथं पोचल्यावर लावलं. आणि कवळं ऊन कशाला, चांगलं तापल्यावरच बसलो. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला उन्हाचं काय सांगता, असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत मान आणि मनगट भाजल्यासारखं झालं, रात्री फोड आले. चार दिवसांत ते फुटून खपल्या धरल्या.

कारखान्यानं दिलेल्या खोलीत आमच्याच नागपूरचा एक ड्रायव्हर होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काहून बे, सडून राहिला का तू?" आणि माझी खाट व्हरांड्यात काढली. "आमच्या गिलासाले हात नको लावू गा." मग त्यानंच साहेबाला जाऊन सांगितलं. साहेबानं मला गावातल्या चामडीच्या दवाखान्यात धाडलं आणि न्यायलाही त्यालाच लावलं. त्यानं मला गाडीत पुढे बसू दिलं नाही. मागे पाइपांच्या ढिगावर बसून मी गेलो.

दवाखान्यात बाकावर तिथलेच लोक होते. माझी मान पाहून एक बाई पोराला घेऊन उठली, मग सगळा बाक मोकळा झाला. डॉक्टर तिथलाच, अरब. नर्स हैदराबादची, ती हिंदीत सांगायची. मी इंग्रजीत म्हणालो की मी सायन्स ग्रॅज्युएट आहे. ती म्हणाली, "ग्रॅज्युएट की चमड़ी अलग रहती क्या?" तिनं माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं. "सुई लगाते. दर्द हुआ तो बोलना."

डॉक्टर टोचू लागला. मानेवर, मनगटावर, खपलीच्या कडेला. प्रत्येक टोचणी मेंदूत जात होती. पण दारात तो ड्रायव्हर उभा आहे हे मला ठाऊक होतं. मी दात आवळले आणि हललो नाही. दुखलं तर सांगा म्हणजे सहन होत नसेल तर सांगा, असंच मी धरून चाललो. मला सहन होत होतं.

डॉक्टर अरबीत काहीतरी बोलला. नर्सनं फडकं सोडलं. "चमड़ी में जान नहीं है बोल रहे. सामान बांधो अपना." महारोगात चामडीला टोचलेलं कळत नाही, माझं न हलणं त्यांनी तसंच धरलं होतं.

"सगळं लागलं मला! सब लगा!"

"फिर बोले क्यों नहीं?"

मी म्हटलं, "हमारे में चिल्लाते नहीं." तिनं ते डॉक्टरला सांगितलं आणि दोघंही हसले. "नौकरी जाती तो सब झूठ बोलते," ती म्हणाली.

"पुन्हा टोचा," मी म्हणालो. मीच म्हणालो.

या वेळी डॉक्टरनं जाड सुई घेतली. फडकं पुन्हा बांधलं. मधेच तो न टोचता थांबायचा, मी खोटंच ओरडतो का ते पाहायला. मग ओल्या खपलीत खुपसायचा. मी ओरडलो. "आई वं!" म्हणून ओरडलो, गुरुजींच्या छडीनंही जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते त्या परक्या खोलीत दर टोचणीला निघालं. दारातून आवाज आला, "लय कॉलेजवाला बनत होता! पहा, कसा रेकून राहिला." डॉक्टरची खात्री लवकरच पटली असणार, पण तो थांबला नाही. मनगट झालं, मान झाली, मग जिथं कोड नव्हतं त्या टाचेतही त्यानं दोनदा सुई घातली.

शेवटी त्यानं कागदावर लिहिलं : कोड आहे, महारोग नाही, लागण होत नाही. नर्सनं कागद टेबलाच्या कडेवरून माझ्याकडे ढकलला. परतीलाही मी मागेच बसलो. कागद दाखवूनसुद्धा खाट आत आली नाही. वर्षभर रोज कोणी ना कोणी जेवताना "आई वं!" म्हणायचं आणि पंगत हसायची.

कोड गेलं नाही. पक्का शिक्का मात्र बसला आणि त्या शिक्क्यावर मी माझी नोकरी पूर्ण केली. दोन्ही बहिणी पदवीधर झाल्या. नागपूरच्या नंदनवन वस्तीत वडिलांच्या नावावर घर झालं.