नोबडीच्या ताब्यात गेलेले स्कॅन

"मॅडम, सर्व्हर माझा, डिस्क माझी, आणि मलाच परमिशन डिनाइड?"

डॉ. गाडेकर स्क्रीनकडे बोट दाखवून विचारत होते. राहात्यातलं त्यांचं सीटी स्कॅन सेंटर सकाळपासून ठप्प होतं. नवे स्कॅन सेव्ह होत नव्हते, जुने उघडत नव्हते. छोट्या हॉस्पिटलांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. नगरहून येऊन मी अजून पाणीही प्यायले नव्हते.

बाहेर बाकावर राजूरच्या हिराबाई बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फुप्फुसात एक छोटी गाठ दिसली होती. ती वाढली की आहे तेवढीच आहे, हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नव्हतं. वाढली असेल तर नाशिकला ऑपरेशन. त्यांचा मुलगा काउंटरवर भांडत होता. "दोन तास झालं, परवानगी न्हाई म्हनत्यात. कुनाची लागती? तहसीलदाराची?"

आदल्या दिवशी पुण्याच्या एका कंपनीचे सीनियर कन्सल्टंट नवी मोठी डिस्क बसवून गेले होते. जुने सगळे स्कॅन त्यांनी तिच्यावर कॉपी केले. ते उघडतात का, हे बघायला मात्र त्यांना सवड झाली नाही. मी त्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवलं.

"सेव्हन सेव्हन सेव्हन मारा," ते म्हणाले. म्हणजे फोल्डर सगळ्यांना सताड उघडं करा. आमच्या धंद्यातलं हे रामबाण औषध. रोग कुठलाही असो.

"तुमच्या ऑफिसातल्या माणसाने सकाळीच पुण्याहून मारलंय. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असा एरर येतोय."

"होऊच शकत नाही. रूटने मारलं ना?"

"कंटेनरच्या आतल्या रूटने."

इथे थोडं थांबून सांगते. लिनक्समध्ये रूट म्हणजे ज्याला कुणी अडवू शकत नाही असा यूजर. कंटेनर म्हणजे एकाच मशीनच्या आत वेगळा ठेवलेला छोटा कम्प्युटर. सेंटरचं स्कॅनचं सॉफ्टवेअर त्यात चालत होतं. पण हा कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड होता. त्यातला रूट म्हणजे गावात सरपंच आणि जिल्हा परिषदेत रांगेतला माणूस. आत त्याचं राज्य, बाहेरच्या मशीनवर त्याला कुणी विचारत नाही.

"मग कंटेनर प्रिव्हिलेज्ड करून टाका," कन्सल्टंट म्हणाले. "आम्ही सगळीकडे तसंच करतो."

मला त्यांच्या बाकीच्या क्लायंटांची काळजी वाटली.

"करा की मग," डॉक्टर म्हणाले. "पेशंट खोळंबलेत."

"डॉक्टर, उद्या त्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी घुसला तर अख्खं मशीन त्याच्या हातात जाईल. पेशंटच्या फायलींसकट. मला पंधरा मिनिटं द्या."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही.

कंटेनरच्या आत जाऊन मी स्कॅनच्या फोल्डरचा मालक पाहिला. मालकाचं नाव होतं नोबडी. म्हणजे कुणीच नाही.

"म्हणजे डिस्कच खराब आहे," फोनवरून निदान आलं.

डिस्क ठणठणीत होती. लिनक्स मालकाचं नाव लिहून ठेवत नाही, नंबर लिहितो. अशा कंटेनरमधल्या प्रत्येक नंबरात बाहेर एक लाख मिळवले जातात, म्हणजे आतल्याचा बाहेरच्याशी घोळ होत नाही. कन्सल्टंटसाहेबांनी कॉपी केली बाहेरच्या खऱ्या रूटने. त्याचा नंबर शून्य. या शून्याला आत ओळखणारं कुणीच नव्हतं, म्हणून नोबडी. अनोळखी मालकाच्या फायलींना आतला रूट हातही लावू शकत नाही.

आतल्या रूटचाही नंबर शून्यच, म्हणजे बाहेर एक लाख; म्हणून मी बाहेरून मालकी एक लाखावर केली. आत मालक रूट दिसू लागला. "झालं!" मी जाहीर केलं. डॉक्टरांनी क्लिक केलं. परमिशन डिनाइड.

फोनमधून हसण्याचा आवाज आला. तो हसण्याचा हक्क त्यांना मीच दिला होता. सॉफ्टवेअर रूटने चालतच नव्हतं. त्याचा आतला नंबर होता एक हजार, म्हणजे बाहेर एक लाख एक हजार. घाईत तेवढं बघायचं राहिलं होतं. मग मात्र मी आत त्याच यूजरने एक रिकामी फाईल बनवली, बाहेरून तिचा नंबर वाचला आणि तोच सगळ्या फोल्डरला दिला. हजारो फायली होत्या, चार मिनिटं लागली.

जुना स्कॅन उघडला. सकाळपासून अडकलेले नवेही सेव्ह झाले.

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली, मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं. मग स्वतः उठून बाहेर गेले. "आजी, गाठ आहे तेवढीच आहे. ऑपरेशनची गरज नाही."

"मंग राती रडले ते फुकटच गेलं म्हना की," हिराबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मुलगा खाली बघून चप्पल शोधत राहिला. ती त्याच्या पायातच होती.

संध्याकाळी पुण्याहून डॉक्टरांना मेल आला. 'इश्यू आमच्या टीमने लोकल रिसोर्सच्या मदतीने सोडवला.' डॉक्टरांनी तो मला पाठवून विचारलं, "लोकल रिसोर्स म्हणजे कोण हो?"

"मीच," मी कळवलं.

त्या दिवसापासून दोन गोष्टी पाळते. परमिशनचा एरर आला की परमिशन नंतर, आधी मालकाचा नंबर बघायचा. आणि काम झालं की चहा नंतर, आधी मेल टाकायचा.