सुक्या कचऱ्याचा डबा

मंडळी, आमची अडीच वर्षांची ओवी आज पुन्हा चालायला लागली. घाईघाईत लिहितेय, टायपिंग सांभाळून घ्या.

सोफ्यावरून पडून तिच्या पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघून दहा दिवस झाले तरी ती पाय टेकवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, आपणहून चालेल. मी चॉकलेट दाखवलं, मोबाईल दाखवला. सासूबाई नवस बोलल्या. ओवी आपली बसूनच सरकायची.

आज सकाळी हेंद्रेपाड्यात आमच्या गल्लीत घंटागाडी आली. सुक्या कचऱ्याचा छोटा डबा खाली नेणं हे पडायच्या आधी ओवीचं काम. पडल्यापासून ती झोपेत असतानाच मी तो नेत होते; आज घाईत तिच्यासमोरच दोन्ही डबे उचलले.

"ठेव. माझा आहे."

वळून बघते तर बाईसाहेब उभ्या. रागाने चार पावलं चालत आली, डबा हिसकावला आणि दाराकडे निघाली.

मी तिथेच रडत बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गाडी गेली की."

कचरा अजून घरातच आहे. दहा दिवस मी तिला काय काय देऊन पाहिलं. तिचं काय काढून घेतलंय, हे मात्र लक्षातच आलं नाही.

तुमच्या घरी कुणाचा डबा तुम्ही उचललाय?