आतल्या पानावरचा खेद

मंगरूळपीरला वार्ताहर असताना रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी ‘लाजिरवाणा’ म्हणायचो. एकदा व्हॉट्सॲपवरची श्रद्धांजली पाहून एका निवृत्त गुरुजींच्या निधनाची बातमी दिली. गुरुजी जिवंत होते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर ‘अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल खेद’ छापून आला. तो अंक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

“हा खेद पेपरचा. तुले लाज वाटून राह्यली का नाही?” गुरुजींनी विचारलं.

“वाटते, गुरुजी.”

“मंग तेच छाप.”

मी तसंच लिहून पाठवलं. छापून आली ‘दिलगिरी’. उपसंपादकाला फोन केला.

“लाज कशी छापणार? तो शब्द आपण खड्ड्यांसाठी वापरतो,” तो म्हणाला.

तेव्हापासून गुरुजींच्या घरावरून जायचं मी टाळतो.