मेमबाईचा आहेर

वांगी घ्यायच्या आधी मेमबाई तराजूचं रिकामं तागडं उचलायच्या आणि त्याच्या बुडाखाली बोट फिरवायच्या. चिंचेचा गोळा चिकटवला आहे का, ते बघायला. मग वजनं हातात घेऊन उलटी करून बघायच्या. पवनीच्या बाजारातल्या भाजीवाल्या त्या लांबून दिसल्या की तागडं पुसून तयारच ठेवत. एवढं होऊनही कोणी मायेनं वर दोन मिरच्या टाकल्या, तर मेमबाई त्या मिरच्यांकडे बघत आणि विचारत, "तुमाले यात काय भेटते?"

मराठीतलं हे वाक्य त्या सगळ्यात आधी शिकल्या असाव्यात. भाव त्या तीन ठिकाणी विचारत, रॉकेलची बाटली उन्हात धरून बघत, दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवत. गोऱ्या माणसाला लोक लुटतात, हे कोणीतरी त्यांच्या डोक्यात पक्कं भरवून दिलं होतं. आणि खरं सांगू, ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आल्या तेव्हा मी शाळेत खालच्या वर्गात होते. कुठल्याशा थंड देशात त्या मास्तरीण होत्या आणि आता पेन्शनीत निघाल्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या स्तूपाच्या विटा बघायला म्हणून चार गोऱ्या माणसांबरोबर आल्या. ती माणसं दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली, या मागे राहिल्या. का राहिल्या हे कळेना, म्हणून गावानं आपलं आपण ठरवून टाकलं. आधी म्हणे, बाई हेर आहे. अहो, पवनीत हेरायला आहे काय? बांध्यांतलं धान आणि वैनगंगेचं पाणी. ते काही पटेना, मग दुसरी बातमी आली: बाई गुप्तधन शोधते. नाहीतर रोज सकाळी गावाभोवतीच्या जुन्या परकोटावरून चालत जायची तिला काय गरज?

बाबूजींनाही संशय होताच. वर्षातून एकदा ठाण्यातून हवालदार येई आणि घरमालक म्हणून त्यांनाच चार प्रश्न विचारून जाई. एका वर्षी तो गेल्यावर बाबूजी सरळ मागच्या अंगणात गेले.

"बाई, खरं सांगा. तुमी इथं काहून राहता?"

मेमबाई तांदूळ निवडत होत्या. "तिकडं माझ्या पैशात एक खोली होते," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात खोली गरम कराची का पोटभर जेवाचं, एकच होते. इथं दोन खोल्या होतात, भात होते, दूध होते. आन् दिवसभर कोणी ना कोणी बोलते."

"म्हंजे तुमी गरीब आहा?"

"तिकडं गरीब. इथं नाही. म्हणून इथं."

बाबूजी घरात येऊन मायला म्हणाले, "गोरी बाई अन् गरीब? कुठंतरी पाणी मुरते." मायला मात्र ते तिथल्या तिथं पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं वाटीभर वरण पाठवलं. वाटी घासूनपुसून परत आली, आणि आत चार आणे. मायचा असा संताप झाला म्हणता! "मी का खानावळ मांडली?" म्हणत ती तशीच मागच्या दारी गेली आणि चार आणे त्यांच्या हातावर आपटून आली. त्यानंतर वरण जात राहिलं, पैसे यायचे थांबले, पण वाटी हातात घेताना मेमबाईंची भुवई वर जायची ती जायचीच.

ताईचं लग्न ठरलं, तेव्हा मायनं हळदीकुंकू लावून त्यांना पत्रिका दिली. त्या मांडवात आल्या, टाचा जुळवून बसल्या. भोंग्यावर आहेर पुकारला जात होता, अमक्याकडून पाच, तमक्याकडून पाच. त्यांनीही पाच दिले. गोरी बाई आपल्या मांडवात आली होती हे गावानं पाहिलं, मग काय विचारता! ज्याच्या घरी लग्न, तो मेमबाईंना पत्रिका घेऊन हजर. त्या प्रत्येक लग्नाला जात आणि प्रत्येक ठिकाणी पाच रुपये देत.

एका वैशाखात मायच्या लक्षात आलं की त्यांचं दूध बंद आहे. विचारलं, तर म्हणाल्या, "लगन लई झाले, वहिनी. पैसे पुरत नाही."

"मंग कायले जाता सगळ्याईच्या लग्नाले?"

"पत्रिका आली का भराव लागते ना? नाही भरलं तर हवालदाराले सांगतील."

माय पदर तोंडाला लावून हसली. मग स्वयंपाकघरात येऊन तोच पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं बाई आमच्या लग्नपत्रिकांना गावात राहण्याची पट्टी समजत होत्या आणि दूध तोडून ती भरत होत्या.

गंमत म्हणजे पलीकडच्या बाजूलाही सुख नव्हतं. आमच्याकडे आहेर कोणी फुकट खात नाही. देणाऱ्याच्या घरच्या लग्नात तो चढवून परत करायचा, पाचाचे सात. सम आकडा चालत नाही. आता मेमबाईंच्या घरी लग्न कुठून यायचं? गावभर त्यांचे पाच-पाच रुपये लोकांच्या मानेवर बसले होते. "मिरचीचा हिशेब ठेवणारी बाई पाच रुपये सोडते, म्हंजे काहीतरी डाव आहे," असंही पारावर बोललं जाई.

पुढे सगळंच महाग झालं. तेल, रॉकेल, खोलीचं भाडंसुद्धा. पेन्शन तेवढीच राहिली, वर गुडघ्याचं औषध सुरू झालं. एका दिवाळीत त्या मायला म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचं भाडं देतो. मंग जातो."

"कुठं?"

"तिकडं. म्हाताऱ्याईचं सरकारी घर आहे."

"तिथं कोण बोलन तुमच्यासंग?"

पहिल्यांदाच मेमबाईंनी मायला उलट प्रश्न विचारला नाही, आणि मायला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता माय म्हणाली, "तिच्या अंगणात तुळस आहे ना? मंग तिच्या घरी लग्नाची पोरगी आहे." आणि तुळशीच्या लग्नाच्या अक्षता मायनं स्वतः घरोघर नेल्या. मेमबाईंच्या घरचं लग्न आहे, मांडवात या, एवढंच सांगितलं. पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. बाईचा धर्म वेगळा, असं एकजण कुरकुरला. "तुळस कोणाची जात इचारते का?" माय म्हणाली.

मेमबाईंनी अर्थात विचारलंच, "तुमाले यात काय भेटते?"

"भाडं," माय म्हणाली.

हे उत्तर त्यांना पटलं. मांडव घालू दिला.

त्या संध्याकाळी मागचं अंगण पुरलं नाही. मंगलाष्टकं झाली, उसाच्या मांडवाखाली तुळस नटून उभी, आणि बाबूजी भोंग्यावर पुकारू लागले. अमक्याकडून सात रुपये. तमक्याकडून सात रुपये. मेमबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. नोटा येत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी बाबूजींची बाही ओढली.

"हे परत कधी मागतील?"

"हे तुमचेच आहेत, बाई," बाबूजी म्हणाले. "थोडे मोठे होऊन आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला मागच्या दारी थांबला. मेमबाईंनी दुधात बोट बुडवलं आणि पाणी आहे म्हणून त्याला झापलं. माय आमच्या दारात उभी राहून ते ऐकत होती, आणि सण असल्यासारखी खूश होती.

त्यानंतर त्या आणखी काही वर्षं राहिल्या. मग गुडघे पारच गेले आणि भाची न्यायला आली. आम्ही सगळे एस.टी. स्टँडवर गेलो. भंडाऱ्याची गाडी सुटायच्या बेतात असताना मेमबाईंनी खिडकीतून मायच्या हातात पैसे दिले.

"हे धाकटीच्या लग्नाचे. पोस्टाचा मले भरोसा नाही. मोजून घ्या, मंग म्हणाल कमी होते."

नऊ रुपये होते. मायनं ते त्यांच्यासमोर मोजले. न मोजता कमरेला खोचले असते, तर बाई गाडीतून उतरल्या असत्या.

माझ्या लग्नात बाबूजींनी भोंगा स्वतः हातात घेतला आणि सगळ्यात आधी पुकारलं, "मेमबाईकडून नऊ रुपये." तोवर भाचीचं पत्र येऊन गेलं होतं, बाई गेल्याचं. माय माझ्यामागे उभी होती, माझ्या डोक्यावरचा शालूचा पदर सारखा करत.

"आता हिचे अकरा मी कुठं नेऊन देऊ?" ती म्हणाली.