हिरव्या ठिगळाचा झेंडा

मे महिना लागला की ते प्रकरण मला आठवतंच. यंदा निमित्त शेजारणीचं झालं. मी आता मुलीकडे, भोपाळला कोलार रोडवर राहते. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "मावशी, छुट्ट्यांत आम्ही तुमच्या कोकणात चाललोय. समुद्रात उतरायला काही खतरा तर नाही ना?"

माझं शिक्षण सातवीपर्यंत. नवरा पोलिसात होता, नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी मला घेतलं. शेवटची वर्षं मी किनाऱ्यावरच्या एका लहान गावात हवालदार होते. कोणाचंही नाव मी इथे सांगणार नाही.

मे महिन्यात ते गाव दुप्पट व्हायचं. मुंबईचे चाकरमानी यायचे, पाहुणे यायचे, वाळूवर क्रिकेटचे सामने व्हायचे. वाचनालयासमोर एक फळा होता. दहावीला कोण पहिला, कोणाचं नाटक, कोणाचं पाकीट सापडलं, सगळं त्यावर यायचं. महिनाअखेरीस वाचनालय चार पानांचं उन्हाळी वार्तापत्र काढायचं.

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला पाण्यात खेच होती, उतरलेल्या माणसाला आत ओढून न्यायची. तिथे पंचायतीचा जीवरक्षक रोज पहाटे लाल झेंडा रोवायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. सामन्यांच्या पहिल्या दिवशी पंचायतीने त्याला उत्तरेकडच्या पाण्यावर नजर ठेवायला पाठवलं, कारण गर्दी तिकडे होती. झेंडा आहे या भरवशावर तो गेला. दुपारी त्याच दक्षिण टोकाला घाटावरचा एक तरुण पाहुणा बुडाला. लग्नाला सहा महिने झाले होते. मी पोचले तेव्हा बायको त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. तिथे झेंडा नव्हता.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. संध्याकाळी दक्षिण टोकाच्या सोडावाल्याने ठाण्यात येऊन खबर दिली. "बाई, साडेआठला मी दुकान उघडलं तेव्हापासून झेंडा नाही. आदल्या दिवशी त्या जीवरक्षकाकडे मुंबईचे पाहुणे होते. प्यायला बसले असतील, दुसरं काय."

साहेबांनी जीवरक्षकाला आणायला सांगितलं. जबाब माझ्याकडे आला. दोन दिवस त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवला. चहा विचारला नाही. एकच प्रश्न मी दहा तऱ्हांनी विचारला.

"झेंडा लावला होतास?"

"लावललंय, बाई."

"मग गेला कुठे? माशांनी नेला?"

शिपाई हसले. तो हसला नाही.

"माका काय ता म्हणा. पण झेंडो मी पहाटे लावललंय."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं जास्त सांगतो. वारा होता म्हणेल, काठी मोडली म्हणेल, कोणाचं तरी नाव घेईल. हा दर वेळी तेवढंच सांगत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी आधीच ठरवून बसले होते. हलगर्जीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल झाला. पंचायतीने त्याला कामावरून काढलं. फळ्यावर दोन ओळी आल्या: जीवरक्षकाच्या बेपर्वाईने पाहुण्याचा बळी.

महिनाअखेरीला जीवरक्षकाची बायको ठाण्यात आली. हातात वार्तापत्र होतं. पहिल्या पानावर सामन्यांच्या उद्घाटनाचा रंगीत फोटो होता. मधे प्रमुख पाहुणे, मागे मैदानाची हद्द दाखवणारे झेंडे. तिने एका झेंड्यावर बोट ठेवलं. त्याच्या कोपऱ्याला हिरवं ठिगळ होतं.

"वाऱ्यान फाटललो. माझ्या चोळीच्या खणाचा ठिगळ लावलंय मी." मग तिचं बोट काठीवरून खाली आलं. काठीवर बाईचा हात होता, खाकी बाहीतला; ठाण्यात बाई मी एकटीच. "झेंडो आमचो, बाई. हात तुमचो."

मला सगळं आठवलं. त्या सकाळी मी बंदोबस्ताला होते. फोटोवाला म्हणाला होता, "बाई, तो झेंडा पाहुण्यांच्या आड येतोय, जरा बाजूला घ्या." मी तो उपटला आणि दोन हात पलीकडे रोवला. लाल झेंडा मैदानावर कसा आला, हा विचार मनात आला नाही.

मी सामन्यांच्या चिटणिसांना बोलावलं. निवृत्त शिक्षक, साधा माणूस. फोटो पाहून ते खुर्चीत बसले.

"हद्दीला झेंडे कमी पडले. सातला मीच काढून आणला. उद्घाटन झालं की परत लावणार होतो. पाहुणे उशिरा आले, मग भाषणं लांबली."

"मग नंतर?"

"नंतर विसरलो."

त्यांचा जबाब झाला आणि जीवरक्षकावरचा गुन्हा मागे घेतला गेला. मी फोटो कागदपत्रांना लावायला घेतला तेव्हा साहेब म्हणाले, "गुरुजींनी कबूल केलंय, तेवढं पुरे. फोटोत तुमचा हात दिसतोय." नोकरीची तीन वर्षं उरली होती, पेन्शन जवळ आली होती. मी फोटो टेबलाच्या खणात टाकला.

जीवरक्षकाच्या घरी मी स्वतः गेले. तो जाळं शिवत होता. म्हटलं, "मोकळा झालास. पंचायत परत घेतेय." त्याने मान वर केली नाही. "आता झेंडो तुमीच लावा, बाई." मी माफी मागायला गेले होते. मागितली नाही. अंगणातूनच परत आले. तो पुन्हा त्या कामावर गेला नाही. फळ्यावरच्या दोन ओळी कधीच पुसल्या गेल्या होत्या, त्यांच्या जागी अंतिम सामन्याचा निकाल होता. तो निर्दोष सुटल्याची ओळ कोणी लिहिली नाही, मीही लिहायला सांगितली नाही.

लोकांचं खोटं कसं पकडायचं हे मला नोकरीने शिकवलं. खरं बोलणाऱ्याला कसं ओळखायचं, हे त्या माणसाने शिकवलं, पण तोवर त्याचं नाव गेलं होतं.

शेजारणीला मी एवढंच सांगितलं, "झेंडा दिसला नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. आधी तिथल्या कोळ्याला विचारा, मग उतरा." बाकीचं इथे लिहिते, कारण ते कुठल्याच कागदावर नाही. झेंडा त्याने लावला होता. आणि ज्या झेंड्याबद्दल मी त्याला दोन दिवस विचारत होते, तो त्या सकाळी माझ्या हातात होता.