ताईने शोधलेली ताईची चूक

स्ट्रेचरवरून आत नेताना ताईने मला एवढंच विचारलं, "मेल गेली ना रे?" गेली, म्हटलं. तिने डोळे मिटले. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही... चौथ्या दिवशी गेली. त्याला आता सहा आठवडे होतील.

वनिताताई, माझी थोरली बहीण, सापगावच्या भातशेतीवाल्या घरातली. आसनगावहून लोकलने जाऊन-येऊन तिने कॉलेज केलं आणि पुढे एका संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राची प्राध्यापक झाली. मी मुरबाडला शाळेत गणित शिकवतो, तरी तिचं काम मला कळायचं नाही. एकदा तिने सोपं करून सांगितलं होतं. सूक्ष्म कणांच्या पुंज सिद्धान्तात काही प्रश्न इतके गुंततात की गणित पुढे सरकतच नाही. स्ट्रिंग सिद्धान्तामुळे तोच प्रश्न एक मिती जास्त असलेल्या विश्वात, गुरुत्वाकर्षणाच्या भाषेत मांडता येतो आणि तिथे तो सुटू शकतो. दोन्ही वर्णनं एकाच गोष्टीची, म्हणून उत्तरही एकच यायला हवं. "नाय आलं, तर आपण कुठेतरी चुकलोय," ती म्हणाली होती.

आणि नेमकं तसंच झालं. एका खास उदाहरणात दोन्ही बाजूंनी गणित करता येत होतं. गुरुत्वाकर्षणाच्या बाजूचं उत्तर ताईच्या जुन्या शोधनिबंधात होतं. तिची विद्यार्थिनी मेघना दुसऱ्या बाजूने यायची, तर उत्तर बरोबर निम्मं. ताईने तिला दोन वर्षं तेच गणित पुन्हापुन्हा करायला लावलं. मुलगी रडकुंडीला आली, संशोधन सोडते म्हणू लागली. तेवढ्यात ताईच्या मेंदूत गाठ निघाली. नजर धूसर झाली होती. ऑपरेशन सोमवारी ठरलं. नंतर वाचा, स्मरण किती राहील ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी ती सापगावला आली ती जुन्या वह्या घेऊनच. मी एकेक ओळ मोठ्याने वाचायची, तिने डोळे मिटून ऐकायचं. शनिवारी डोकं इतकं दुखलं की उलट्या झाल्या. मी वही मिटली, तिने पुन्हा उघडायला लावली. त्या न पाहिलेल्या मेघनाचा मला राग येऊ लागला होता. आई दारातून म्हणाली, "आधी जीव सांभाळ गो. गणित कुठं पळून जातंय?"

"गणित नाय पळत, आई. मी चाललेय."



रविवारी दुपारी ताईने मला मध्येच थांबवलं. मागची चार पानं परत वाचायला लावली. मग विचारलं, सीमेवरचं पद कुठाय? मी पानं उलटीसुलटी केली. ते पद, म्हणजे त्या विश्वाच्या कडेचा हिशोब, नव्हतंच. ते शून्य असणार असं धरून तिने तेव्हा सोडून दिलं होतं. आता तिने सांगितलं तसं मी ते मांडलं, दोनदा. उत्तर निम्मं आलं... मेघनाचंच.

ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, बरी झालीस की कळव, आत्ता कुणाला माहितेय?

"मेघनाला माहितेय. दोन वर्षं तिला एकटीलाच माहितेय."

मग तिने मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. तुझं उत्तर बरोबर आहे, चूक माझी होती, तुला मी उगाच छळलं. निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाही चुकीची कबुली लिहिली. गावात नेटवर्क मिळेना. सोमवारी सकाळी दवाखान्याच्या वाटेवर, शहापुरात, दोन्ही मेल गेल्या. मेघनाचं उत्तर आलं तेव्हा ताई आत होती. ते तिला वाचून दाखवता आलं नाही, हे मला अजून सलतं.

मेघना संशोधन करतेय. आठवडाभराचं काम ती अजूनही ताईच्या मेलवर पाठवते. मी तिला थांब म्हटलेलं नाही. रविवारी सापगावला गेलो की ताईच्या खोलीत बसून ते मोठ्याने वाचतो. मला त्यातलं फारसं कळत नाही. आई काम टाकून येते, उंबऱ्याशी बसते. परवा म्हणाली, "जरा हळू वाच रे."