नकोशीची हरकत

मला चौकश्यांची वाईट खोड आहे. गिरणीवर दळण घेऊन बाई आली, की पीठ पडेपर्यंत तिच्या घरातलं निम्मंअर्धं मला कळलेलं असतं. बायको म्हणते, तुमच्या गिरणीत जोंधळ्यापेक्षा माणसंच जास्त दळली जातात. पण नकोशीबाईंचं एक वागणं मला काही केल्या दळता येईना.

नकोशीबाई म्हणजे गेणबाची बायको. एके काळी त्यांच्याकडं मेंढरांचा मोठा वाडा होता. मेंढरं गेली, आता थोडं जिराईत रान आणि दुसऱ्याच्या उसात खुरपण. माहेरी दोन मुलींच्या पाठीवर ही तिसरी झाली, तेव्हा पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून आईबापानं नाव ठेवलं नकोशी. आणि खरंच मुलगा झाला. "नावाचा गुण आला म्हनून गावात पेढं वाटलं," हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. "मला बी एक दिला की!"

सत्त्याण्णव साली बायकांची राखीव जागा निघाली आणि त्या आमच्या वाडीच्या पंचायतीत आल्या. कळसकडं जाणाऱ्या फाट्यावरची आमची वाडी. मीही मेंबर होतो. सभेत त्या दाराजवळ पदर घेऊन बसायच्या आणि तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. पण सभा उठली की मला गाठून अडलेले शब्द विचारायच्या.

"तात्या, तहकूब म्हंजी काय वो?"

"पुढं ढकललं."

"मंग ढकललं म्हना की! तेला तहकूब कशाला?"

मला मोठी मजा वाटायची. माझ्यासारखीच खोड असलेलं माणूस गावात दुसरं कुठं होतं?

त्या वर्षी फाट्यावरच्या हॉटेलवाल्या संभाजीरावांनी अर्ज केला. त्यांची परमिट रूम बारामतीची शेवटची यष्टी यायच्या आत बंद व्हायची. ती रात्री उशिरापर्यंत चालू ठेवायची होती. परवानगी देणार सरकारी खातं, पण त्यांना आधी पंचायतीची 'ना-हरकत' पाहिजे होती. हॉटेल आणि यष्टीचा थांबा एकमेकांना अगदी चिकटून. आणि त्याच शेवटच्या यष्टीनं नकोशीबाईंची लेक सुकन्या घरी यायची. बारामतीच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, दुपारपाळीला. तिच्या वस्तीवरून नोकरीला गेलेली ती पहिलीच पोरगी. गेणबानं घरात सरळ सांगून टाकलं होतं, थांब्यावर पिणारी उभी राहायला लागली, की दुसऱ्या दिवसापासून सुकन्या घरात.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. म्हणून सभेत मी अगदी निर्धास्त होतो. ग्रामसेवक भाऊसाहेब एकेकाचं नाव घेऊन मत विचारत गेले. सरपंच दत्तोबा धरून तिघं हॉटेलच्या बाजूनं, मी धरून तिघं विरुद्ध. राहिल्या नकोशीबाई.

"बाई, तुमचं काय? हरकत, का ना-हरकत?"

बाई चक्क उठून उभ्या राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा खणखणीत आवाज सभेनं ऐकला.

"ना-हरकत!"

ठराव झाला. मी बाईंच्या तोंडाकडं बघतच राहिलो. लढाई जिंकल्यासारखा आनंद होता हो त्यांच्या तोंडावर! मला इतका राग आला, की त्यांच्याशी न बोलता मी गिरणीवर येऊन बसलो. तिसऱ्या दिवशी संभाजीरावांनी त्यांच्या घरी साडी-चोळी आणि नारळ धाडला आणि गावाला विषय मिळाला. हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई फुटली, असं जो तो म्हणायला लागला. पण मला ते पटत नव्हतं. विकलं गेलेलं माणूस असं हसत नाही. मग झालं तरी काय होतं?

उत्तर स्वतःच्या पायानं चालत आलं. नकोशीबाई दळण घेऊन आल्या, दुसऱ्या हातात साडीची पिशवी.

"तात्या, येक इचारू? ह्यो संभाजीराव देवमानूस म्हनायचा का खुळा? मी त्येला नको म्हनलं, आन् ह्यो मला साडी धाडतोय!"

मी पट्टा उतरवला. गिरणी थांबली.

"बाई, तुमी नको कुठं म्हनलं?"

"समद्यांदेखत म्हनलं की. ना! हरकत! ना बी म्हनलं आन् हरकत बी म्हनलं. निसती हरकत कमी पडंल म्हनून दोन्ही."

आता हसावं का रडावं? वर्षभर प्रत्येक शब्द विचारणाऱ्या बाईंनी हा एकच विचारला नव्हता. न कळलेला शब्द माणूस विचारतो. कळलाय असं वाटणारा कोण विचारणार? मी हळूच सांगितलं, ना-हरकत म्हणजे हरकत नाही. खुशाल चालू द्या.

बाई पिठाच्या डब्यावर मटकन बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पोरीला काय सांगू, तात्या? आईनंच तुजं दार लावलं म्हनून सांगू?"

 पण एक वाट उरली होती. मागच्या सभेत लिहिलेलं पुढच्या सभेत वाचून कायम करायचं असतं, आणि तोवर भाऊसाहेब ठरावाची नक्कल कुणाला देत नसत. तेवढं मी बाईंना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि दळण तिथंच विसरून गेल्या.

पुढच्या सभेला बाई दाराजवळ बसल्या नाहीत. सरळ टेबलाशी आल्या आणि साडीची पिशवी संभाजीरावांसाठी म्हणून सरपंचांपुढं ठेवली. भाऊसाहेब वाचत वाचत त्यांच्या नावापाशी आले, "ना-हरकत दर्शवली..."

"ते खोडा, भाऊसाहेब. माजी चूक झाली. मला हाटेल उशिरापत्तुर चालाया नको हाय."

दत्तोबा हसले. "बाई, सुटलेला शब्द माघारी येत न्हाय. सभेनं ऐकलाय."

"शब्द माजा हुता, सरपंच. अर्थ तुमचा हुता."

 माझ्या बाजूच्या दोघांनी माना डोलावल्या आणि मी म्हणालो, दुरुस्ती करा. भाऊसाहेबांनी चष्मा सारखा केला. "बरं. मग 'हरकत आहे' असं लिहू?"

"हरकत-बिरकत काय बी नगं! त्या शब्दानं माजं घर बुडवलं असतं. 'नको' लिवा."

"अहो, असा शब्द सरकारी ठरावात बसत नाही."

"का बसत न्हाय? हजेरीला माजं नाव लिवताय की दर म्हैन्याला. त्यात निम्मं त्येच हाय."

सभा हसली, दत्तोबासुद्धा. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं जुनं खोडलं आणि वर 'नको' लिहिलं. ठराव पडला. बाईंचा मात्र आता कुणाच्या वाचण्यावर विश्वास नव्हता. त्या पुढं झाल्या आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सहीपुरती तीन अक्षरं सुकन्यानं शिकवली होती. त्यातली पहिली दोन तिथं बरोबर होती. मग त्यांनी शेजारी सावकाश सही केली.

पायरी उतरताना मला म्हणाल्या, "बापानं ठेवल्यालं नाव, तात्या. आज पयल्यांदा माज्या कामाला आलं."